दिवाळीत गावातलं नाटक: आधी तिकीट काढा, मग बाकीचं बोलू

एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "आम्ही पुण्यात राहतो. या दिवाळीला आठ-दहा दिवस जळगावला माहेरी येतोय. आईला जुन्या संगीत नाटकांचं वेड, बाबांना कमी ऐकू येतं. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चौदाची. तिला मराठी नाटक म्हणजे शिक्षा वाटते. सगळ्यांनी मिळून गावातच एखादं विनोदी किंवा गाण्याचं नाटक बघावं असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, पुण्यात एवढी नाट्यगृहं असताना इथं कशाला, इथं काय दर्जा असणार! भाऊ म्हणतो, नाटक सोड, तमाशाला चल. काय बघावं, कुठं बसावं, तिकीट कधी काढावं?"

ताई, मिस्टरांपासूनच सुरुवात करतो. त्यांचा हा प्रश्न मी तीस वर्षं बुकिंगच्या खिडकीच्या आतल्या बाजूनं ऐकतोय. बाहेरून येणाऱ्या नाटकाची इथली व्यवस्था बघणं हा माझा उद्योग. हॉल धरायचा, पोस्टर लावायची, प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा ठेवून तिकीटविक्री, उघडायचा, कलाकारांच्या जेवणाचं बघायचं आणि प्रयोग संपल्यावर रात्री दीड वाजता सेट ट्रकमध्ये चढेपर्यंत हातात टॉर्च घेऊन उभं राहायचं. यात पैसा कधी मिळाला, बऱ्याचदा गेला. बायको अजून विचारते की हे कधी सोडणार.

तर दर्जा. पुण्यात जे नाटक लागतं तेच दौऱ्यावर इथं येतं, त्याच माणसांसकट. नट काही खान्देशसाठी वेगळा अभिनय बांधून आणत नाही. बदलतं ते बाकीचं. आमच्या काही रंगमंचांची खोली कमी, त्यामुळे मुंबईचा सेट पुरा लागत नाही. एखादी लेव्हल, म्हणजे सेटवरचा चौथरा, काढून टाकतात, जिना असला तर तो विंगेत ढकलतात आणि वरच्या मजल्यावरून येणारा नट सरळ बाजूनं येतो. लाइट कमी असतात. दौऱ्याचा तिसरा दिवस असेल तर मंडळी रात्रभर बसमध्ये झोपून आलेली असतात. एवढं सगळं मान्य. पण विनोदी नाटकाला या कशानंच फार मोठा धक्का लागत नाही. त्याला धक्का लागतो रिकाम्या खुर्च्यांनी.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरून हे दिसत नाही. नट वाक्य टाकतो, हशा येतो, तो थांबतो. हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य. पूर्ण विरल्यावर नाही, उतरायला लागल्यावर. हा थांबा तालमीत ठरवता येत नाही, तो लोकांकडून घ्यावा लागतो. हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं पांगून बसली की हशा सुटासुटा येतो. एक इकडून, दोन तिकडून. नटाला कळत नाही थांबावं की पुढं जावं. तो पुढं जातो, आणि ज्यांना हसायचं होतं ते हसू गिळतात, पुढचं वाक्य ऐकू यावं म्हणून. असं झालं की अडीच तासांचं नाटक दहा-पंधरा मिनिटं लवकर संपतं. घड्याळ लावून बघितलंय मी. एकही वाक्य न गाळता नाटक दहा मिनिटांनी आखूड होतं, ती दहा मिनिटं हशाची असतात. म्हणून गर्दी कमी असली की पहिल्या घंटेलाच मी टॉर्च घेऊन फिरतो आणि मागच्यांना हात जोडून पुढं आणतो. लोकांना वाटतं मी उपकार करतोय. उपकार ते करत असतात.

आणि हेच उलट बाजूनं: तीनशे-चारशे खुर्च्यांचा छोटा हॉल, सगळ्या भरलेल्या, खुर्चीला खुर्ची चिकटलेली, तिथं साधं वाक्यसुद्धा छप्पर उचलतं. पुण्यात मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून बघितलेलं नाटक मिस्टरांनी इथं पाचव्या रांगेत बसून बघावं, मग आपण दर्जावर बोलू.

आपला प्रेक्षक कुठं हसतो हाही एक गमतीचा विषय आहे. लोकल ट्रेन, वन बीएचके, सोसायटीचा सेक्रेटरी यांवरचे विनोद आमच्याकडे शांततेत जातात. अगदी हसतच नाहीत असं नाही, टीव्हीमुळे सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण पोटातून हसत नाहीत. उधारी, जावई, लग्नातलं मानापमान, कंजूस सासरा, याला मात्र असं हसतात की मागचं वाक्य परत घ्यावं लागतं. एकदा मुंबईचे एक नट पहिल्या अंकानंतर घामाघूम होऊन मला म्हणाले, "अहो, हे हसत का नाहीत?" मी म्हटलं, ते हसतायत, तुम्ही थांबत नाही. मग विचारलं, दुसऱ्या अंकात बायको तुमच्यावर ओरडते तिथं एक ॲडिशन, म्हणजे संहितेबाहेरचं वाक्य, घेता का? त्यांना चार शब्द शिकवले: "मन्हा काय दोष शे?" दहा वेळा घोकून घेतलं. उच्चार चुकलाच, पण हॉल अक्षरशः कोसळला. पुरे मिनिटभर पुढं जाता येईना. पाहुण्याच्या तोंडून आपली अहिराणी ऐकण्यात जी मजा आहे ती काही वेगळीच. दुसऱ्या दिवशी त्याच नटांनी उत्साहानं तीच ॲडिशन भुसावळला घेतली आणि ती पडली, कारण त्या पट्ट्यात लेवा बोली चालते. धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव अहिराणीचं, पण जळगावच्या पूर्वेला सरकलात की शब्द बदलतात. पंचवीस किलोमीटरवर विनोद बदलतो हो आमच्याकडे.

आता तिकीट. ही गोष्ट नीट ऐका, कारण तुमच्यासारखे सुट्टीत येणारे लोक इथंच फसतात. पुण्यात प्रयोग ठरला म्हणजे ठरला. आमच्याकडे जाहिरात झालेला प्रयोगसुद्धा बुकिंगवर लटकत असतो. हिशेब असा की निर्मात्याला ठरीव रक्कम द्यायची, हॉलचं भाडं आणि अनामत भरायची, पंधरा-वीस माणसांची राहायची-जेवायची सोय करायची, वर पोस्टर, जाहिरात, हमाली. हे सगळं खिडकीवरच्या गल्ल्यातून निघायचं. प्लॅन साधारण आठवडाभर आधी उघडतो. ट्रक तिकडून निघायच्या आधी, म्हणजे प्रयोगाच्या दोन-तीन दिवस अलीकडे, कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे इथं प्रयोग लावणारा माझ्यासारखा माणूस, विकलेल्या तिकिटांचा आकडा बघतो. आकडा बरा असेल तर छाती पुढं, नसेल तर प्रयोग रद्द करायला निर्मात्याला फोन.

एका वर्षी दिवाळीनंतरच्या शनिवारी चांगलं विनोदी नाटक धरलं होतं. गुरुवारी दुपारपर्यंत तिकिटं गेली ६१. मी घाबरलो आणि प्रयोग रद्द केला. पैसे परत केले, जाहिरातीचे गेले ते गेलेच. शनिवारी संध्याकाळी सवयीनं हॉलवर चक्कर मारली तर फाटकाशी दीडशे माणसं उभी! कुणी धरणगावहून आलेलं, कुणी पाचोऱ्याहून गाडीनं. "आम्ही तर दारावरच काढतो नेहमी," असं म्हणत होते. मी त्यांना काय सांगू? तुमची वाट बघायला धीर नव्हता म्हणून? तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, जायचंच आहे तर पहिल्या दिवशी जा. तुमचं पहिल्या दिवसाचं तिकीट हे नुसतं तुमचं तिकीट नसतं, कॉन्ट्रॅक्टरची झोप असते ती.

किमतीचं म्हणाल तर दौऱ्याच्या नाटकाला बहुतेक वेळा ३०० ते ५०० रुपये. ५०० वरच का थांबतं, असं लोक विचारतात. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतो. म्हणून ४९९ आणि ५०० हे आकडे तुम्हाला सगळीकडे दिसतील. ऑनलाइन तिकीट आता इथंही मिळतं, पण काही रांगा फक्त खिडकीवर ठेवलेल्या असतात. भावाला खिडकीवरच पाठवा. समोर प्लॅन ठेवून बोटानं दाखवून खुर्ची निवडता येते, आणि आत बसलेल्या माणसाशी दोन शब्द गोड बोललं की तो खांबामागची खुर्ची देत नाही.

पहिल्या दोन रांगा रिकाम्या दिसल्या तर चिडू नका. त्या मान्यवरांसाठी राखलेल्या असतात. मान्यवर येत नाहीत. आले तर तिसऱ्या घंटेनंतर येतात, मध्यंतरात त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं, एखाद्याला दोन शब्द बोलायचा मोह होतो आणि दहा मिनिटांचं मध्यंतर पस्तीस मिनिटांचं होतं. छोट्या गावच्या नाटकाला लागलेला हा सगळ्यात मोठा रोग आहे असं माझं मत, आणि मी स्वतः कैक सत्कार घडवून आणलेत, कारण हॉल मिळवायला त्यांच्याच दारात जावं लागतं. तिसरी घंटा झाली की मात्र मी पोरांना त्या रांगांत बसवतो. तुमच्या मुलाला सांगून ठेवा, तिसऱ्या घंटेला सावध राहा म्हणून.

बसायचं कुठं? बाबांना कमी ऐकू येतं म्हणता, तर चौथी ते सातवी रांग, मधला भाग. अगदी पुढं बसवण्याची चूक करू नका. बहुतेक हॉलमध्ये स्पीकर बाजूला उंचावर असतात, आवाज पहिल्या दोन रांगांच्या डोक्यावरून मागं जातो. पंख्याखालची खुर्ची टाळा. श्रवणयंत्रात पंख्याची घरघर आधी शिरते, नटाचा आवाज नंतर. एकदम कडेची खुर्चीही नको, कारण सेट दाटीवाटीनं लागलेला असतो आणि कडेवरून अर्ध्या एंट्र्या दिसत नाहीत. विनोदी नाटकात एंट्री दिसली नाही तर विनोदच गेला. संगीत नाटक असेल तर ऑर्गन-तबला कुठल्या बाजूला बसलाय ते आत शिरल्याबरोबर बघा आणि जमलं तर तबल्याच्या विरुद्ध बाजूला सरका, नाहीतर पदाचे शब्द ठेक्यात बुडतात.

हॉलची नावं तुम्हाला माहेरवाशीण म्हणून ठाऊक असतीलच. जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह बंदिस्त आहे आणि बालगंधर्व नाट्यगृह खुलं. धुळ्याला राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, नंदुरबारला छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर. खुल्या नाट्यगृहाचं एकच सांगतो: आमच्या मे महिन्याची कीर्ती तुम्हाला माहीत आहे, पण दिवाळी सरली की खान्देशातली रात्र गारठते. नऊचा प्रयोग साडेअकराला पोचेपर्यंत लोखंडी खुर्ची बर्फ होते. आईबाबांसाठी शाल, कानटोपी आणि बसायला घडी केलेली सतरंजी घ्या. कुणी हसलं तर हसू द्या. तासाभरानं तेच लोक तुमच्या सतरंजीकडे बघत बसतील.

खुल्या नाट्यगृहाची एक आठवण मात्र अशी आहे की ती मला कुठल्या एसी हॉलनं दिली नाही. संगीत नाटकाचा प्रयोग, नायिका पद म्हणत होती आणि वीज गेली. कुठं, कुणाची चूक, ते जाऊ द्या. पूर्ण अंधार. माइक बंद, पंखे बंद. ऑर्गनवाल्यानं हात उचलला नाही, पायपेटीला वीज कशाला लागते! तबलजी थांबला नाही. बाई गातच राहिल्या, आणि माइक नसताना तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जसा गेला तसा माइकवर कधीच गेला नव्हता. दोन-चार जणांनी मोबाइलचे दिवे लावले, मग सगळ्यांनीच. वीज आल्यावर लोकांनी वन्समोअर दिला तो पदाला नव्हता, "दिवे बंद करा" असा होता.

आता आईंचं. खरं सांगतो, दिवाळीच्या नेमक्या आठवड्यात इथं पूर्ण संगीत नाटक लागण्याचा योग कमी. गायक-नटांचा संच, साथीदार, पोशाख, एवढा लवाजमा घेऊन दौरा काढणं कुणाला परवडत नाही. मिळेल ती दिवाळी पहाट, म्हणजे नाट्यपदांची मैफल. ती भल्या पहाटे असते आणि बऱ्याचदा पासावर. पण मराठी संगीत नाटकाचं आणि दिवाळीचं नातं जुनं आहे बरं का. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग पुण्यात झाला तो ३१ ऑक्टोबर १८८० ला, ऐन दिवाळीच्या दिवसांत. आणि जळगावचं नातं तर बालगंधर्वांशीच. नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, लहानपणी जळगावात होते, गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथंच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दर वर्षी जानेवारीत बालगंधर्वांच्या नावानं संगीत महोत्सव भरवतं. आईंना गाण्याचीच ओढ असेल तर दिवाळीपेक्षा जानेवारीतली तीन-चार दिवसांची सुट्टी जास्त कामी येईल.

तरी सुदैवानं संशयकल्लोळचा प्रयोग कुठं पन्नास-शंभर किलोमीटरवरही लागलेला दिसला तर गाडी काढा. देवलांचं १९१६ चं नाटक. विनोदी आणि संगीत अशा तुमच्या दोन्ही अटी एकाच तिकिटात बसतात. बायकोवर संशय घेणारा फाल्गुनराव आणि नवऱ्यावर संशय घेणारी त्याची बायको, एवढंच कथानक मुलांना आधी सांगा, त्यापेक्षा जास्त नको. आणि मुलाला एक कामगिरी द्या: त्यातल्या पुरुषांची नावं महिन्यांवरून आहेत, फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, आणि बायकांची नक्षत्रांवरून, रेवती, कृत्तिका, रोहिणी. किती सापडतात ते मोजायला सांगा. मी माझ्या नातवाला असंच बसवलं होतं. पहिल्या अंकात तो नावं मोजत होता, दुसऱ्यात मोजायचं विसरला. जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग आता कापून तीन तासांच्या आत आणतात. किर्लोस्करांच्या सौभद्रात तर मुळात शंभरावर पदं, ती सगळी म्हणायची तर उजाडेल. आईंना एखादं आवडतं पद गाळलेलं सापडेल आणि त्या घरी येईपर्यंत कुरकुरतील. तो त्यांचा हक्क आहे.

मुलीसाठी मात्र माझा सल्ला वेगळा. तिला दौऱ्याचं नाटक नका दाखवू आधी. आमच्याकडे महाविद्यालयांतल्या पोरापोरींच्या एकांकिका बघण्यासारख्या असतात. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर नंदुरबार-शहाद्यापासूनची कॉलेजं उतरलेली मी बघितलीत. दिवाळीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागते, त्याचं तिकीट चहा-नाश्त्याच्या भावात असतं. तिथं सगळंच चांगलं नसतं, हे आधीच सांगतो. पाच नाटकांत दोन कंटाळवाणी, एक आरडाओरड्याचं, एक बरं आणि एखादं असं निघतं की चार दिवस डोक्यातून जात नाही. स्थानिक संस्थांनी, जशी जळगावची परिवर्तन, बोलीभाषेला रंगमंचावर मान मिळवून दिलाय. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या ताई-दादांना घाम गाळताना बघू द्या. नटाचं नाव माहीत नसतं, त्यामुळे कौतुकही उसनं नसतं.

हौशी संस्थेचं विनोदी नाटक जाहीर झालं असेल तर दोनच चौकशा करा: हा कितवा प्रयोग आणि तालमी किती झाल्या. पहिलाच प्रयोग आणि तालमी दहा दिवस, असं उत्तर आलं तर कुणी नातेवाईक त्यात काम करत असेल तरच जा. चौथा-पाचवा प्रयोग असेल तर डोळे झाकून जा. त्यात एक वेगळीच मजा आहे जी मोठ्या शहरात मिळत नाही. सकाळी ज्या डॉक्टरनं तुम्हाला इंजेक्शन दिलं तो रात्री लुंगी नेसून बायकोचा मार खात असतो. त्याचे निम्मे पेशंट समोर बसलेले. तो हशा लेखकाचा नसतो, गावाचा असतो.

भावाच्या तमाशाबद्दल. मी तमाशाच्या बाजूचा माणूस आहे, पण बायका-मुलं घेऊन जायचं तर डोळे उघडे ठेवून. फड, म्हणजे तमाशाची मंडळं, दसऱ्याला बाहेर पडतात आणि मे महिन्यापर्यंत यात्रांवर फिरतात. दिवाळीच्या चार दिवसांत जळगाव शहरात काही नसतं, त्यानंतर गावोगावच्या यात्रांना रंग चढतो. मोठा योग म्हणजे सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, डिसेंबरच्या आसपास. घोडेबाजारासाठी देशभरातून लोक येतात आणि यात्रेत तमाशाचे तंबू असतात. दुसरा योग अमळनेरला वैशाखात, सखाराम महाराजांच्या यात्रेला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत माहेरी आलात तर तीच संधी.

तमाशाचा क्रम समजून घेतला तर फसगत होत नाही. आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, मग गवळण. गवळणीत मावशी, पेंद्या, गौळणींची नोकझोक. हा भाग मुलांना घेऊन बघा, ढोलकी-हलगीवर मुलगा नाचायलाच लागेल. त्यानंतर रंगबाजी. तिथं हल्ली सिनेमाची गाणी असतात, पुढं बसलेली पोरं शिट्ट्या मारतात, नोटा उडवतात. या वेळात मुलांना घेऊन बाहेर या, भजी खा, पाळण्यात बसा. आणि मग मध्यरात्रीच्या पुढं वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, लागतो. खान्देशी फडात वगाची खरी गंमत सोंगाड्याची, म्हणजे विनोदी पात्राची. राजा-प्रधान छापील मराठीत बोलतात आणि सोंगाड्या त्यांना अहिराणीत उत्तरं देतो. विनोद वाक्यात नसतोच, त्या दोन भाषांच्या मधल्या फटीत असतो. तोपर्यंत मुलगा झोपलेला असेल आणि मिस्टर जांभया देत असतील. त्यांना गाडीत झोपू द्या, तुम्ही आणि भाऊ बघा. पुढच्या रांगेत नको, ढोलकीवाल्याच्या बाजूला कडेला बसा. तिथं जाणकार म्हातारे बसलेले असतात आणि त्यांच्या शेजारी कुणी वेडंवाकडं वागत नाही.

दिवस कुठला धरायचा हे राहिलं. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज इथं नाट्यगृहं झोपलेली असतात, दुकानदारांचं गाव आहे हे. भाऊबीजेनंतरचा पहिला शनिवार-रविवार सगळ्यात चांगला. लेकी माहेरी असतात, जावई रिकामे असतात, हॉल भरतो. कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघतो, त्या दिवशी जुन्या गावात नाटकाचं नाव काढू नका, रथच बघा. रविवारी दोन प्रयोग असतील तर दुपारचा घ्या, नट ताजे असतात आणि बाबांना रात्रीचा गारठा नको. रात्री नऊचा प्रयोग कागदावर नऊचा, सुरू होतो सव्वानऊ-साडेनऊला, त्यामुळे जेवून निघा. मात्र पोटभर जेवू नका. नाटकानंतर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खात, कोण कुठं चुकलं यावर भांडायचं असतं. त्याशिवाय आमच्याकडे प्रयोग संपत नाही.

शेवटी पडदा पडल्यावर लगेच पार्किंगकडे पळू नका. दहा मिनिटं थांबा, मुलांना विंगेच्या दारापर्यंत न्या. पुण्यात नटाला भेटायला जी धक्काबुक्की असते ती इथं नाही. मेकअप उतरवत बसलेला माणूस पोराशी दोन शब्द बोलतो, आणि मुलीला सेटची भिंत मागून बघू द्या, कापड आणि बांबू. तिथंच कुठंतरी टॉर्च घेतलेला एक म्हातारा हमालांवर ओरडत असेल. ओळख द्या, चहा माझ्याकडून.